सराव-उपदेशाचा तास: त्यामागचा इतिहास

महाराष्ट्रातल्या सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती पाळक आणि धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, उपदेशशास्त्राच्या तासाला साधारण असा क्रम दिसतो. विद्यार्थ्याला शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, नेमून दिला जातो. तो मागच्यापुढच्या अध्यायांसह पुन्हापुन्हा वाचायचा, भाष्यग्रंथ नंतर उघडायचे, मग त्या भागाचं म्हणणं एका वाक्यात लिहायचं. त्या वाक्यावरून मुद्दे, मुद्द्यांना दाखले, शेवटी लागूकरण, म्हणजे ऐकणाऱ्याने आपल्या जगण्यात काय करायचं ते. वर्गातच मंडळी बसल्याप्रमाणे उभं राहून बारा-पंधरा मिनिटं बोलायचं आणि नंतर सोबत्यांची टीका ऐकायची. हा क्रम एका जागी, एका काळात ठरलेला नाही. त्यातली प्रत्येक पायरी वेगळ्या शतकातून आली आहे, आणि पायरी कुठून आली हे कळलं की ती कुठे अडखळवते हेही कळतं.

सर्वात जुना थर वक्तृत्वशास्त्राचा. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन स्वतः आधी वक्तृत्वाचा शिक्षक होता. इ. स. ४२६च्या सुमारास त्याने ख्रिस्ती शिकवणीवरच्या आपल्या ग्रंथाचा चौथा भाग पूर्ण केला. त्यात रोमन वक्ता सिसेरो याने वक्त्याला सांगितलेली तीन कामं त्याने उपदेशकाला लावून दिली: शिकवणं, रिझवणं, हलवणं. लागूकरणाचा आग्रह तिथपासूनचा आहे. ऐकणाऱ्याला नुसतं कळलं, पण त्याने काहीच केलं नाही, तर उपदेश अपुरा राहतो.

तीन मुद्द्यांची सवय मात्र मध्ययुगातली. तेव्हाच्या विद्यापीठांत एक छोटं वचन घेऊन त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला शास्त्राचा आधार द्यायचा, अशी पद्धत बसली. रॉबर्ट ऑफ बेसव्हर्न याने १३२२ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत तीनच भाग का, याची कारणं दिली आहेत: त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) मान, किंवा ठरलेल्या वेळात तेवढेच नीट बसतात म्हणून. दुसरं कारण आजही खरं आहे. पहिल्याच्या नावाने मात्र विद्यार्थी दोन मुद्द्यांच्या शास्त्रभागातूनही तिसरा ओढून काढतात.

सेमिनरी ही संस्था नंतरची. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५४६ मध्ये उपदेश हे बिशपांचं मुख्य कर्तव्य ठरवलं आणि १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांताला सेमिनरी काढायला सांगितलं. सरावाचं तंत्र घडवण्यात येशूसंघाचा, म्हणजे जेझुइट या कॅथलिक संघाचा, वाटा मोठा. त्यांचे विद्यार्थी भोजनगृहात, बाकीचे जेवत असताना, उपदेश करत. शिवाय ‘स्वरांचा’ सराव असे: एकाच छोट्या ठरावीक मजकुरात समजावणं, खडसावणं, विनवणं असे निरनिराळे सूर लावून दाखवायचे आणि ऐकणाऱ्यांनी चुका सांगायच्या. आजची सोबत्यांची टीका याच कुळातली. हा सराव पुन्हा आणायला हवा, कारण विद्यार्थ्यांची मोठी अडचण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चढ्या पट्टीत बोलण्याची असते.

याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणं सुटली होती आणि त्या जागी ऐकायला काही नव्हतं. स्टीफन्सनी ती जागा ओवीने भरली. सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापून निघालं आणि देवळांतून वाचलं जाऊ लागलं. मात्र १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. व्यासपीठ आणि घर यांच्या भाषा वेगळ्या करणारं असं धोरण उपदेशाच्या मुळावरच येतं.

प्रॉटेस्टंट बाजूला आराखड्याची वाट फ्रान्समधून निघते. झाँ क्लोद या ह्युगेनो (फ्रेंच प्रॉटेस्टंट) पाळकाचा उपदेशरचनेवरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६८८ मध्ये छापला गेला. शंभर वर्षांनी तो इंग्रजीतून केंब्रिजच्या चार्ल्स सिमियनच्या हाती पडला. सिमियन आपल्या खोलीत विद्यार्थ्यांना जमवून एकेका वचनावरच्या उपदेशाचे सांगाडे करायला शिकवत. त्यांचे असे २,५३६ सांगाडे २१ खंडांत छापलेले आहेत. त्यांची कसोटी तीन प्रश्नांची होती: उपदेशाने पापी नम्र होतो का, तारणाऱ्याचा गौरव होतो का, पवित्रता वाढते का? पुढे अमेरिकेत जॉन ब्रॉडस यांनी हे शास्त्र पाठ्यपुस्तकात बांधलं. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये ग्रीनव्हिलची सेमिनरी पुन्हा उघडली तेव्हा सात विद्यार्थी होते आणि ब्रॉडस यांच्या उपदेशशास्त्राच्या वर्गात एकच, तोही अंध. त्या एकासाठी त्यांनी पूर्ण व्याख्यानं तयार केली. १८७०चं त्यांचं पुस्तक त्यातून उभं राहिलं.

मराठी मुलखात अमेरिकन वाट त्याआधीच पोचली होती. अँडोव्हर सेमिनरीत शिकलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यांचा आराखडा तयार होता, भाषा नव्हती. बाजारात, देवळापाशी उभा असलेला श्रोता कीर्तनावर वाढलेला होता आणि त्याच्या कानाला मुद्दा एक-दोन-तीन ही चाल परकी होती. हे ओळखून पुढे अहमदनगरच्या मिशनात ख्रिस्ती कीर्तन रुजलं. नगरच्या सेमिनरीत शिकवणाऱ्या ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) भजन आणि अभंगांतून त्याला मराठी जीभ दिली.

कीर्तनाचा सांगाडा उलटा चालतो. पूर्वरंगात एकच तत्त्व विवरून घ्यायचं, उत्तररंगात एकच आख्यान शेवटपर्यंत न्यायचं. आख्यान जसं पुढे जातं, तसं तत्त्व ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप लागू पडतं. धोका एवढाच की आख्यान रंगलं की शास्त्रभाग मागे पडतो.

दोन्ही रीतींची गाठ पडते ती येशूच्या दाखल्यांवरच्या, म्हणजे बोधकथांवरच्या, उपदेशात, आणि चुकाही तिथेच जास्त होतात. लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला घ्या: सगळं उधळून धाकटा मुलगा घरी परततो, बाप त्याला जवळ करतो आणि थोरला रुसून बाहेर राहतो. विद्यार्थी हमखास तीन मुद्दे काढतो: पुत्राचं पाप, पुत्राचा पश्चात्ताप, पुनर्मीलन. अनुप्रास जुळला, पण थोरल्या मुलाची आठ वचनं, म्हणजे २५ ते ३२, बाहेर राहिली. कुरकुर करणाऱ्या परूश्यांसाठी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथासाठी) दाखला सांगितला आहे हे अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांतच आहे, म्हणजे नेमकं टोकच गळालं. इथे मुद्दे सोडून गोष्टीच्या क्रमानेच जावं, आणि बाप बाहेर येऊन थोरल्याला विनवतो तिथे थांबावं.

वेळेचा हिशोबही करावा. सावकाश, स्पष्ट मराठीत मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे पंधरा मिनिटांना दीड हजार. विद्यार्थी अडीच हजार लिहून आणतो, प्रस्तावनेत पाच मिनिटं घालवतो आणि लागूकरण धावत उरकतो. प्रस्तावना दोन मिनिटांच्या आत असावी आणि शेवटचं वाक्य सर्वात आधी लिहावं. कॅथलिक मिस्सेतल्या प्रवचनाला तर वेळ आणखी कमी असतो. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६३ मध्ये प्रवचन हा उपासनेचाच भाग मानला, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये आठ मिनिटांपलीकडे जाऊ नये असं सांगितलं.

राहिली भाषा. भाष्यग्रंथ बहुधा इंग्रजी, त्यामुळे टिपणात ‘त्याच्याद्वारे केले गेलेले कार्य’ अशी वाक्यं शिरतात. त्यावर वर्गात चालणारा उपाय सोपा आहे: आधी बोलावं, मग लिहावं. शास्त्रभाग मिटून, सेमिनरीबाहेरच्या एखाद्याला तो तोंडी सांगावा, आणि तेव्हा तोंडात आलेली वाक्यं त्याच दिवशी वहीत उतरवावीत.