कॅलिपरची पिन अडकली आहे की पिस्टन?

डिस्क ब्रेकचे पॅड बदलायला चाक उतरवलं, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खोलला आणि दिसलं काय, तर आतला पॅड झिजून पार त्याच्या मागच्या पत्र्याला टेकायला आलेला आणि बाहेरचा अजून अर्ध्याहून जाड. इथे बहुतेकांचा निकाल तयार असतो: पिस्टन जाम झालाय, कॅलिपर बदला. कधी तो बरोबर निघतो. पण बऱ्याचदा खरी गुन्हेगार असते बोटाएवढी पिन, आणि ती सोडवायला ब्रेक ऑइलच्या वाटेलाही जावं लागत नाही.

गोंधळ का होतो, ते रचनेतच आहे. बहुतेक साध्या गाड्यांचा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की तो आतला पॅड डिस्कवर रेटतो, आणि त्याच रेट्याने अख्खा कॅलिपर उलट दिशेला सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतो. हे सरकणं होतं ब्रॅकेटमधल्या, म्हणजे कॅलिपरला धरणाऱ्या स्थिर चौकटीतल्या, दोन पिनांवर. म्हणजे हालचाली दोन, आणि दोन्हींतली कुठलीही अडली तरी चाक तापतं, जळका वास येतो, मायलेज घटतं.

पॅडची झीज काही सांगते, पण सगळं नाही. पिना अडकल्या तर कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. कॅलिपर सरकला पण परत आला नाही, तर बाहेरचा पॅड घासत राहतो. एकच पिन अडकली तर पॅड तिरका झिजतो, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ. ही तिरकी झीज मला पिनेची सगळ्यात भरवशाची खूण वाटते. पिस्टन मागे येत नसेल तर बहुधा आतला पॅड जास्त जातो, पण पिना मोकळ्या असतील तर दोन्ही पॅड भराभर संपतात. आतला पॅड झिजलाय एवढ्यावरून पैज लावू नका.

पैज लावायची ती हाताने तपासून. कॅलिपर बाजूला काढा, तारेने वर बांधा, होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका. आता ब्रॅकेटमधली प्रत्येक पिन बोटांनी ओढून, दाबून, फिरवून पाहा. थोडासा जोर लावताच ती सरकायला हवी. बोल्ट सोडताना पिनच सोबत गरगर फिरत असेल तर पातळ पान्ह्याने तिचे चपटे भाग धरावे लागतात. ही कटकट असली तरी बातमी चांगली आहे, कारण पिन गंजाने धरलेली नाही. काही कॅलिपरमध्ये पिन आणि बोल्ट एकच असतो. तिथे ॲलन की पूर्ण आत बसवूनच जोर लावा, नाहीतर डोकं गोल होतं आणि काम दुप्पट वाढतं.

अडकलेली पिन सोडवताना लोक एक चूक हमखास करतात: ती सरळ बाहेर ओढतात. गंजाची पकड ओढण्याने कमी आणि फिरवण्याने जास्त सुटते. आधी पॅड बाजूला ठेवा. पिनेवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, मागे सारून फटीत गंज सोडवणारं तेल सोडा आणि त्याला वेळ द्या, रात्रभर दिला तर उत्तम. मग चपट्या भागावर पान्हा लावून पिन थोडी पुढे, थोडी मागे अशी हलवा. केसभर जरी हलली तरी काम झालंच समजा, फक्त घाई नको. हलतच नसेल तर ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढून ब्रॅकेटच गाडीवरून उतरवा, पिनेचं डोकं व्हाइसमध्ये घट्ट धरा आणि ब्रॅकेट दोन्ही हातांनी इकडे-तिकडे फिरवा. लांब ब्रॅकेटच तरफ होतो. पिनेवर ओरखडे उठतील, उठू द्या, ती बदलायचीच आहे.

तरीही नाही म्हणाली तर उष्णता. रबर काढून टाका, ज्योत ब्रॅकेटवर फिरवा, पिनेवर नको, म्हणजे भोक प्रसरण पावून पकड सैल होते. हे सगळं गाडीपासून, होजपासून आणि ब्रेक ऑइलपासून लांब. ब्रेक क्लीनर मारलेल्या धातूला तर ज्योत दाखवायचीच नाही: तो पेट घेऊ शकतो, आणि क्लोरीनवाल्या क्लीनरपासून तापल्यावर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

बाहेर आलेली पिन नीट पाहण्यासारखी असते. बूट जिथे फाटला होता तिथून पाणी शिरून तपकिरी गंजाचं कडं बसलेलं, आणि ग्रीसचं काळं डांबर झालेलं. दोनपैकी एका पिनेच्या टोकाला बऱ्याच गाड्यांत रबरी बाही असते. साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं की ती फुगते आणि गंजाचा ठिपकाही नसताना पिन पक्की बसते. म्हणून कोणती पिन वर होती, कोणती खाली, ते काढतानाच लक्षात ठेवा. बसवताना सिलिकॉन किंवा सिंथेटिक ब्रेक ग्रीसच, तेही पातळ. भोक ठासून भरलं तर तळाशी अडकलेलं ग्रीस आणि हवा पिनेला परत बाहेर ढकलतात.

आता पिस्टन. त्याला मागे आणणारी स्प्रिंग नसते. भोवतीची चौकोनी सील दाबाखाली किंचित वाकते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला मागे घेते. तपासायला जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी क्लॅम्पने हळूहळू दाबा, वरच्या टाकीतलं ऑइल सांडत नाही ना पाहा. दबत नसेल तर ब्लीड निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) सैल करून पुन्हा दाबा. आता सहज गेला तर पिस्टन निर्दोष आहे, आतून बुजलेला होज किंवा त्याच्या वरचं काहीतरी दाब अडवतंय. यानंतर ब्रेकमधली हवा काढावी लागेल. निपल सैल करूनही हलला नाही तर पिस्टन खरंच जाम.

मागच्या चाकांवर मात्र थांबा. कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर पुष्कळ ठिकाणी पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. तिथे क्लॅम्प कितीही आवळला तरी तो जाणार नाही, आतली यंत्रणा मात्र मोडेल. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी मोटर मागे घेणाऱ्या स्थितीत, न्या.

पिस्टनला हातोडी, ज्योत यांतलं काहीच चालत नाही. बाहेर काढायचा तर पेडलच्याच दाबाने, समोर लाकडाचा तुकडा ठेवून. कॉम्प्रेसरच्या हवेने तो गोळीसारखा सुटतो आणि बोटं मध्ये असली तर चिरडतात. पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, नवा कॅलिपर घ्या.

जोडणी झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. मग थोडं फिरवून आणा आणि दोन्ही बाजूंच्या चाकांजवळ हात नेऊन, न टेकवता, उष्णता ताडून पाहा. एकच चाक भाजत असेल आणि त्याच्या पिना बोटांनी सरकत होत्या, तर आता त्या बाजूचा पिस्टन आणि होज तपासा.