ज्योत पेटली, हे यंत्राला कळतं कसं?

मुंबईत घर गरम करायची वेळ येत नाही. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मधलं. पण पार्ल्या-ठाण्यातले कितीतरी आईवडील हिवाळ्यात मुलांकडे शिकागोला, टोरंटोला राहायला जातात आणि रात्री तळघरातून येणारे आवाज ऐकतात. आधी घरघर, मग काही क्षण नुसतीच घरघर, मग टक् आणि भस्सकन काहीतरी पेटल्याचा आवाज. अर्ध्या-एक मिनिटाने जाळीतून गरम हवा येऊ लागते. ही गॅस फर्नेस, गॅस जाळून घर गरम करणारी भट्टी. तिच्या आवाजांचा क्रम कधी बदलत नाही, आणि घरातल्या माणसांचा जीव त्या क्रमावरच अवलंबून असतो.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट म्हणजे मुळात एक स्विच. खोली गार झाली की तो २४ व्होल्टचं सर्किट जोडतो. घरातल्या १२० व्होल्टचे २४ करायला फर्नेसमध्येच छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. ‘उष्णता हवी’ हा निरोप कंट्रोल बोर्डाला, म्हणजे फर्नेसच्या मेंदूला, पोचतो, पण बोर्ड लगेच गॅस सोडत नाही. लोकलमध्ये गार्डच्या दोन घंटा आल्याशिवाय मोटरमन गाडी हलवत नाही, तसा इथे प्रत्येक टप्प्याला होकार लागतो.

पहिला होकार हवेचा. जळालेला वायू बाहेर खेचायला एक छोटा पंखा असतो. तो खरोखर ओढतोय की नाही हे प्रेशर स्विच सांगतो: पंख्याने ओढ निर्माण केली की आतला पातळ पडदा सरकतो आणि स्विच जोडला जातो. पण बोर्ड पंखा सुरू करण्याआधीच या स्विचकडे बघतो. पंखा बंद असताना स्विचचं सर्किट तुटलेलं असायलाच हवं. तो आधीच जोडलेला दिसला, तर एकतर तो अडकलाय किंवा कुणी वायर परस्पर जोडून त्याला गप्प केलंय. बोर्ड पुढे जायला साफ नकार देतो. या सगळ्या रचनेत मला ही गोष्ट सर्वांत आवडते. होकार मिळाला एवढ्यावर समाधान न मानता, हा स्विच नकार देऊ शकतो का, हेही तपासून घेतलेलं असतं.

मग पंखा काही सेकंद नुसताच फिरतो, आधीचा रेंगाळलेला गॅस असेल तर तो निघून जावा म्हणून. त्यानंतर सिरॅमिकसारख्या पदार्थाची एक कांडी विजेने तापून हजार अंशांच्या वर जाते, नारिंगी होते, आणि मगच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. हा व्हॉल्व्ह विजेच्या जोरावर उघडा राहतो. वीज गेली की स्प्रिंग त्याला बंद करते.

आता खरा प्रश्न. गॅस सुटला, पण तो पेटला का? मोजक्या सेकंदांत उत्तर मिळालं नाही, तर न जळलेला गॅस साठत जाणार.

उत्तर देते ती ज्योतीत घुसलेली धातूची एक बारीक सळई. हवा वीज वाहून नेत नाही, पण गॅसची ज्योत नेते. जळताना रेणू तुटतात, काहींमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि ज्योतीत विद्युतभारित कण तयार होतात. सळईला एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारं, व्होल्टेज दिलं की ज्योतीतून बर्नरकडे प्रवाह वाहू लागतो. तो अगदी नगण्य असतो, साधारण एक ते सहा मायक्रोअँपियर, म्हणजे अँपियरचा लाखावा भागसुद्धा नाही.

एवढ्याशा प्रवाहावर विश्वास कसा ठेवायचा? ओलाव्यामुळे किंवा काजळीमुळेही तेवढी वीज झिरपू शकते. त्यावरचा तोडगा फार देखणा आहे. सळई बारीक आणि बर्नरचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ज्योतीतून प्रवाह एका दिशेला सहज जातो, उलट दिशेला फारसा जात नाही. एसीचा जणू डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, होतो. ओलावा मात्र दोन्ही दिशांना सारखीच वीज सोडतो. बोर्ड फक्त एका दिशेचा प्रवाह मोजतो, म्हणून पाण्याचा थेंब ज्योतीचं सोंग घेऊ शकत नाही.

पुढे घरात हवा फेकणारा मोठा पंखा सुरू होतो. अंतर्भाग जास्त तापला तर लिमिट स्विच गॅस तोडतो.

आपल्याकडच्या गॅस गीझरची कळही बरीचशी हीच. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, पिन ढकलली जाते, मायक्रोस्विच जागा होतो. दीड-दीड व्होल्टच्या दोन जाड सेलमधून हजारो व्होल्टची ठिणगी तयार होते, व्हॉल्व्ह उघडतो, आणि इथेही एक सळई ज्योतीतली वीज तपासते. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर पाण्याला जोर नसतो, पडदा हलत नाही, आणि लोक उगाच सेल बदलत बसतात. गीझर पेटून दोन-चार सेकंदांत विझत असेल, तर बहुतेक वेळा सळईवर थर चढलेला असतो किंवा तिची वायर सैल झालेली असते. ज्योत असते, पण तिचा निरोप पोचत नाही. सेल उतरले तरी असंच होऊ शकतं. पावसाळ्यात टिकटिक ऐकू येते पण पेटत नाही, कारण ओलसर सिरॅमिकवरून ठिणगी भलतीकडेच पळते.

पण एक फरक मोठा आहे. आपल्याकडच्या साध्या गीझरला धूर ओढणारा पंखा नसतो, प्रेशर स्विचही नसतो. म्हणजे फर्नेस जो प्रश्न सर्वांत आधी विचारते, तो हवेचा प्रश्न गीझर विचारतच नाही. सळईला ज्योत दिसली की ती खूश. बंद बाथरूममधला ऑक्सिजन कमी होत गेला, तरी ज्योत जळत राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा तो ओळखीचा वास मुद्दाम मिसळलेला असतो आणि जळताना नाहीसा होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो, म्हणून अंघोळीला गेलेलं माणूस हाक मारायच्या आधीच कोसळतं. महाराष्ट्रात अशा मृत्यूंच्या बातम्या पुन्हा पुन्हा येत राहतात.

म्हणून गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या बाल्कनीत हवा. जागाच नसेल, तर खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा आणि मग अंघोळ करा. डोकं जड वाटलं, गरगरलं, तर काहीही करायच्या आधी मोकळ्या हवेत या. आणि निळी ज्योत पिवळी, लांब दिसू लागली, तर गीझर लगेच बंद करून मेकॅनिकला बोलवा. हा दोष सेल बदलून जात नाही, आणि सळईला तो दिसतही नाही.