शाळेतल्या पोरांचं संशोधन: ही वाट कुठून आली

घरात सध्या भाचीचा सहावीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठीचा कृती संशोधन प्रकल्प चालू आहे. परवा ताईच्या ओळखीतल्या एकीने फोनवर सरळ विचारलं, कुठून करून घेताय, किती घेतात? म्हणजे रिपोर्ट, फोटो, तक्ते सगळं तयार मिळतं आणि पोराने फक्त मुलाखतीला काय बोलायचं ते पाठ करायचं. मला ते फार लागलं. लेखी आणि प्रॅक्टिकलनंतर पुन्हा प्रकल्प का ठेवलाय, शाळेतल्या पोराने स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतः शोधावं ही कल्पना कुठून आली आणि ती टिकवायला किती लोक राबलेत, हे थोडंफार वाचलेलं आहे, म्हणून इथे एकदा सलग लिहून ठेवतो.

या सगळ्याचं मोठं मूळ अमेरिकेत सापडतं. १९२१ मध्ये तिथे सायन्स सर्व्हिस नावाची संस्था निघाली, तिचं मूळ काम पेपरांना विज्ञानाच्या बातम्या सोप्या भाषेत पुरवायचं. पुढे त्यांनी शाळांमधून सायन्स क्लब बांधायला घेतले आणि १९४२ मध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात, वेस्टिंगहाऊस कंपनीच्या पैशावर सायन्स टॅलेंट सर्च सुरू केला. हायस्कूलच्या शेवटच्या वर्गातली मुलं, परीक्षा द्यायची आणि सोबत विज्ञानावर, पुढे आपल्या प्रयोगाबद्दल, निबंध लिहून पाठवायचा, त्यातून ४० जणांना वॉशिंग्टनला बोलवायचे. यातली नावं पुढे कुठे गेली बघा: लिऑन कूपर, शेल्डन ग्लॅशो, रोआल्ड हॉफमन हे तिघेही शाळेत असताना या ४० मध्ये होते, तिघांनाही पुढे नोबेल मिळालं. १९५० मध्ये फिलाडेल्फियाला पहिली नॅशनल सायन्स फेअर झाली, तीच पुढे आंतरराष्ट्रीय होऊन आज आयसेफ म्हणून ओळखली जाते.

आपल्याकडे १९६१ ला एनसीईआरटी, म्हणजे शालेय शिक्षणाचं काम बघणारी केंद्राची संस्था, स्थापन झाली आणि १९६३ ला त्यांनी विज्ञानातली हुशार मुलं शोधायची योजना काढली, आधी फक्त दिल्लीत दहा शिष्यवृत्त्या, पुढच्या वर्षी देशभर ३५०. आपण जिला एनटीएसई, म्हणजे राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षा, म्हणतो तिचा हा जन्म. आणि जे बहुतेकांना माहीत नसतं ते हे की त्या वेळी अकरावीच्या मुलांची निवड तीन गोष्टींवर व्हायची, लेखी परीक्षा, मुलाखत आणि प्रोजेक्ट रिपोर्ट. होय, प्रोजेक्ट रिपोर्ट! १७ वर्षांच्या मुलाने काहीतरी स्वतः करून बघितलंय का, हे देशाच्या सगळ्यात मोठ्या शालेय परीक्षेत विचारलं जायचं.

गंमत म्हणजे त्याच १९६३ मध्ये तिकडे टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, एरास्टो म्पेंबा नावाचा शाळकरी मुलगा आईस्क्रीम करत होता. दूध साखर घालून उकळायचं, गार होऊ द्यायचं आणि मग फ्रीजरमध्ये ठेवायचं अशी शाळेतली पद्धत, पण फ्रीजरमधली जागा जाईल म्हणून याने गरमच ठेवलं. दीड तासाने बघतो तर याचं गोठलेलं आणि शेजारच्या मुलाचं, ज्याने दूध न उकळताच ठेवलं होतं, ते अजून पातळच. मास्तरांना विचारलं तर म्हणाले तुझा काहीतरी गोंधळ झालाय. पुढे दुसऱ्या शाळेत गेल्यावर पुन्हा विचारलं तर तिथले सर म्हणाले हे म्पेंबाचं फिजिक्स आहे, जगाचं नाही, आणि मग वर्गात कुठेही काही चुकलं की पोरं त्याच्याच नावाने ओरडायची. पण त्याने प्रश्न सोडला नाही. दार-ए-सलामच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले डेनिस ऑस्बोर्न शाळेत व्याख्यानाला आले तेव्हा सगळ्यांसमोर तेच विचारलं, पोरं हसली. ऑस्बोर्ननी मात्र कबूल केलं की मला माहीत नाही, करून बघतो, आणि परत जाऊन खरंच टेक्निशियनला प्रयोग लावायला सांगितला. टेक्निशियन येऊन म्हणाला की गरम पाणीच आधी गोठलं, पण काळजी नको, बरोबर उत्तर येईपर्यंत आम्ही करत राहू! १९६९ मध्ये दोघांच्या नावाने पेपर छापून आला.

ही गोष्ट मी जरा लांबवून सांगितली कारण पुढे जे काही घडलं ते सगळं मला याच मापाने मोजावंसं वाटतं. इथे लॅब नव्हती, फंड नव्हता, स्पर्धाही नव्हती. एका पोराचा प्रश्न होता आणि तो खरा मानणारा एक मोठा माणूस होता. गरम पाणी खरंच आधी गोठतं का यावर अजून वाद आहे, २०१६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात मोजमाप करणाऱ्यांना तसं काही ठोस सापडलं नाही, पण म्हणून त्या मुलाने केलं ते संशोधन नव्हतं असं कोण म्हणेल.

आपल्याकडचं उदाहरण पाहिजे तर मुंबईतलंच आहे. शंभरेक वर्षांपूर्वी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेली गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन एक दहा-बारा वर्षांचा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्याला हाकललं नाही, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, ओळखायचं कसं ते शिकवलं. तो मुलगा म्हणजे सालिम अली.

आता परत एनटीएसईकडे. १९७६ पर्यंत ती प्रोजेक्ट रिपोर्टवाली पद्धत चालली, मग दहावी, बारावी, पदवी असं १०+२+३ आलं, योजनेत सामाजिक शास्त्रं, इंजिनीअरिंग, मेडिकल सगळं घेतलं, शिष्यवृत्त्या ५०० झाल्या, नावातला सायन्स गेला आणि निवडही बदलली, दोन ऑब्जेक्टिव्ह पेपर, एक बुद्धिमत्तेचा, एक विषयांचा, मग मुलाखत. प्रोजेक्ट गेला. देशभरातून एवढी मुलं बसणार, प्रत्येकाचा रिपोर्ट कोण वाचणार, अडचण खरीच होती, ते मान्य आहे मला. पण माझ्या मते शाळेतल्या संशोधनाचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं, कारण पालक आणि शाळा परीक्षेत जे विचारतात तेच करून घेतात, मग पर्याय टिक करायचे क्लास निघाले आणि प्रश्न शोधायचा राहिला बाजूला.

प्रयोगाची दुसरी वाट होती विज्ञान प्रदर्शनाची. एनसीईआरटीचं राष्ट्रीय प्रदर्शन १९७१ पासून आहे, पुढे १९८८ ला त्याला नेहरूंचं नाव दिलं. आपल्या राज्यात शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशी चढण असते आणि नागपूरच्या रविनगरची राज्य विज्ञान शिक्षण संस्था हे नाव जुन्या शिक्षकांना तोंडपाठ. या प्रदर्शनांनी खेड्यापाड्यातल्या पोरांना स्टेज दिलं हे खरंय, मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून तालुक्याला गेलेला, ट्रकमध्ये मॉडेल सांभाळत, त्या दिवसाचं अप्रूप अजून आहे. पण प्रदर्शनात दिसायला काहीतरी लागतं, म्हणून मॉडेल आलं, ज्वालामुखी आला, पवनचक्की आली, थर्माकोल आला. मॉडेल म्हणजे आधीच माहीत असलेली गोष्ट नीट दाखवणं आणि संशोधन म्हणजे माहीत नसलेली शोधणं, हा फरक आमच्या वेळी आम्हाला कोणी सांगितलाच नाही.

त्याच सुमारास मध्य प्रदेशात मात्र एक वेगळीच चळवळ चालू होती, १९७२ पासून होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान फक्त प्रयोगातून शिकवायला घेतलं. मुंबईच्या टीआयएफआरसारख्या संशोधन संस्थांमधले शास्त्रज्ञ तिथे जाऊन शिक्षकांसोबत बसायचे. मुलांनी स्वस्तातल्या किटने करून बघायचं, वहीत लिहायचं, वर्गात भांडायचं. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला, पण तोवर तीस वर्षं झाली होती आणि सरकारी शाळेतली पोरंसुद्धा हे करू शकतात हे दिसलं होतं.

मुंबईत १९८१ ला बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने, म्हणजे शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांच्याच संघटनेने, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली, सहावी आणि नववीसाठी. तिच्यात लेखी, मग प्रॅक्टिकल आणि मग कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत. म्हणजे देशाच्या परीक्षेतून जे गळालं होतं तसंच काहीतरी इथे मास्तरांनी चालवलं, हे मला फार मोठं वाटतं. क्लासवाल्यांनी तिचं काय केलं तो वेगळा विषय आणि तो मास्तरांचा दोष नाही.

आणि १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. माझ्या मते आपल्याकडे झालेलं सगळ्यात चांगलं काम हेच. १० ते १७ वयाची मुलं, शाळेत जाणारी असोत नसोत, गट करायचा, आपल्या गावातला प्रश्न घ्यायचा, विहिरीचं पाणी, रानातली तणं, बाजारातला कचरा, महिनोन् महिने मोजायचं, रोजच्या नोंदींची वही ठेवायची आणि आपल्या भाषेत मांडायचं. मराठीत मांडलं तर चालतं. मॉडेलला तिथे काही किंमत नाही, वही बघतात, आकडे कुठून आले ते विचारतात. महाराष्ट्रात ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने हे काम बरीच वर्षं अंगावर घेतलं.

नंतरचं भराभर सांगतो. १९९९ ला केव्हीपीवाय ही विज्ञानाच्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती आली, २००६ पासून आयरिस या शालेय प्रकल्पांच्या राष्ट्रीय स्पर्धेतून आपली मुलं अमेरिकेच्या आयसेफला जायला लागली, २००८ च्या शेवटी केंद्राची इन्स्पायर योजना सुरू झाली ज्यात शाळकरी मुलाला प्रोजेक्टसाठी आधी ५,००० आणि पुढे तिचं इन्स्पायर-मानक झाल्यावर १०,००० रुपये खात्यात, २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे पोरांनी हाताने करून बघायच्या प्रयोगशाळेसाठी, शाळेला २० लाख. पैसा आला, थ्रीडी प्रिंटर आले, ते चांगलंच आहे. दुसरीकडे एनटीएसई २०२१ नंतर थांबली आणि २०२२ मध्ये केव्हीपीवाय इन्स्पायरमध्ये मिळवून टाकली. आणि साधनं आली म्हणजे प्रश्न येतो असं नाही, इंग्लंडमध्ये डेव्हनच्या एका गावातल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी भुंग्यांना रंग आणि जागा मिळून कळते का यावर प्रयोग केले आणि २०१० मध्ये रॉयल सोसायटीच्या बायॉलॉजी लेटर्समध्ये ते छापून आलं, आकृत्या रंगीत पेन्सिलने काढलेल्या, संदर्भांची यादीसुद्धा नव्हती.

भाचीचा प्रश्न आजीकडून आलाय. आजी म्हणते जुना माठ पाणी गार करत नाही, छिद्रं बुजतात. तर एक नवा माठ, एक तीन वर्षं वापरलेला, रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर आणि वजनकाटा, किती पाणी झिरपून उडालं ते ग्रॅममध्ये. चौथ्या दिवशी जुन्या माठातलं पाणी जास्त गार निघालं, ती रडवेली झाली, ताई म्हणाली तो आकडा सोडून दे. मी म्हटलं थांब, आधी माठ कुठे ठेवले होते ते बघू, तर आदल्या रात्री कोणीतरी जुना माठ ओट्यावरून उचलून खिडकीत वाऱ्यावर ठेवला होता. तिने आकडा तसाच ठेवलाय, शेजारी खिडकी असं लिहिलंय आणि आजपासून दोन्ही माठ खिडकीतच आहेत.