डोपामिन मोजता आलं तेव्हा

डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये संदेश पोचवणारं एक रसायन. ते मोजण्याची गोष्ट सुरू होते हिवतापाच्या औषधापासून. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल रुग्णालयात बर्नार्ड ब्रोडी आणि सिडनी उडेनफ्रेंड रक्तातल्या अ‍ॅटेब्रिनचं प्रमाण मोजत होते. त्यावर ठरावीक प्रकाश पाडला की ते वेगळ्या रंगात उजळतं. यालाच प्रतिदीप्ती किंवा फ्लुओरेसन्स म्हणतात. द्रावणाचा रंग मोजण्याच्या पद्धतीत लख्ख उजेडातली किंचित घट शोधावी लागते. इथे काळोखातली पणती शोधायची असते. म्हणूनच अगदी अल्प पदार्थही हाती लागतो.

पुढे बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉबर्ट बोमन यांनी एक यंत्र बांधलं. पाडायचा आणि उमटणारा, दोन्ही प्रकाशांची तरंगलांबी त्यात हवी तशी बदलता येई, अतिनील पट्ट्यातसुद्धा. १९५५ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. सेरोटोनिन हे असंच आणखी एक संदेशवाहक रसायन. तीव्र आम्लात ते चमकतं, हा गुण त्यामुळे मोजमापाच्या कामी आला. त्याच वर्षी ब्रोडींच्या गटाने दाखवलं की रेसर्पिन शरीरातल्या साठ्यांमधून सेरोटोनिन बाहेर काढतं. रेसर्पिन सर्पगंधेच्या मुळांतलं. या मुळांचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला होता.

ब्रोडींकडे काही महिने शिकून अर्विड कार्लसन स्वीडनमधल्या लुंडला परतले. रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना त्यांनी डोपा टोचलं, म्हणजे ज्यापासून शरीर आधी डोपामिन आणि मग नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनवतं तो पदार्थ, आणि ससे हालचाल करू लागले. हे १९५७ सालचं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हेही संदेशवाहक रसायन, आणि रेसर्पिन त्याचाही साठा रिकामा करतं. मेंदूतलं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन मोजलं, तर ते भरून आलेलंच नव्हतं! मग सशांना उठवलं कोणी? संशय डोपामिनवर होता, पण ते मोजणार कसं? १९५८ मध्ये बर्टिल वाल्डेक यांच्यासह कार्लसन यांनी वाट काढली: आयोडीनने डोपामिनचं ऑक्सिडीकरण करून ते चमकणाऱ्या रूपात आणायचं. ससे उठले होते ते डोपामिन परतल्यामुळे, हे आकड्यांत दिसलं. तोवर डोपामिनला नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तयार होतानाचा नुसता मधला टप्पा समजत. २००० सालच्या नोबेलमध्ये कार्लसन यांचा वाटा होता. बोमन यांच्या यंत्राचं नाव मात्र क्वचितच निघतं, आणि ते मला खटकतं.

एक उणीव राहिली होती. मोजण्यासाठी मेंदूचा लगदा करावा लागे, त्यामुळे रसायन कोणत्या पेशीत होतं ते कळत नसे. १९६२ मध्ये बेंग्ट फाल्क आणि निल्स-ऑके हिलार्प यांनी वाळवलेल्या ऊतींना फॉर्माल्डिहाइडची वाफ दिली. सूक्ष्मदर्शकाखाली डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे तंतू हिरवे उजळले, सेरोटोनिनचे पिवळे.