खांद्याची तुटलेली कंडरा हाडाला पुन्हा चिकटते कशी?

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीची कापणी सुरू झाली की वीस-पंचवीस किलोचे घड दिवसभर बांधावर आणायचे आणि ट्रकमध्ये वर द्यायचे. हात डोक्याच्या वर नेऊन ओझं पेलण्याचं हे काम वर्षानुवर्षं केलं की पन्नाशीच्या आसपास खांदा बोलू लागतो. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, हात वर नेताना मध्येच कळ येते. पुष्कळदा यामागे रोटेटर कफची फाटलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, असते. खांद्याच्या पात्यावरून निघून दंडाच्या हाडाच्या माथ्याला बिलगणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातली वरची, सुप्रास्पायनेटस, सगळ्यात जास्त फाटते.

दुर्बिणीतून ती शिवता येते. अडचण शिवण्यात नाही, चिकटण्यात आहे. निरोगी खांद्यात कंडरा आणि हाड यांच्यामध्ये चार थर असतात: कंडरा, मऊ कूर्चा, कॅल्शियम भरलेली कूर्चा आणि मग हाड. मऊपणा टप्प्याटप्प्याने कडक होत जातो, म्हणून ताण एका जागी साचत नाही. शस्त्रक्रियेनंतर हे थर पूर्ववत होत नाहीत. तिथे व्रणाची ऊती भरते, आणि पहिले तीन महिने ती कमजोर असते. तोवर सगळा भार टाक्यांवर. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दुर्बिणीने शिवलेल्या मोठ्या फाटींपैकी १८ मधल्या १७ पुन्हा उघडलेल्या आढळल्या. तरीही बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं. पण ओझं उचलून पोट भरणाऱ्याला दुखणं थांबून पुरत नाही, ताकदही परत यावी लागते.

म्हणून पहिलं काम जागा तयार करण्याचं. हाडावरच्या ज्या पट्टीला कंडरा बसायची तिथला मऊ थर काढून, रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत हाड हलकं खरवडतात. जास्त खरवडलं तर वरचं कडक कवच जातं आणि अँकर, म्हणजे दोरे धरणारे छोटे खिळे, सैल होऊन निघतात. वयस्क बायकांच्या पोकळ हाडात हा धोका मोठा.

दुसरं काम ताण कमी करण्याचं. हात शरीरालगत ठेवून कंडरा सहज जागेवर आली पाहिजे. येत नसेल तर आजूबाजूचे आखडलेले पदर सोडवायचे, तरीही कमी पडली तर बसण्याची जागा काही मिलिमीटर आत सरकवायची. हात वर धरून ओढूनताणून बांधलेला टाका, हात खाली येताच कंडरा कापत सुटतो.

मग बांधणी. एका ओळीत अँकर बसवले तर कंडरा हाडाला एका बारीक रेषेवर टेकते. दोन ओळी घालून आतल्या ओळीचे दोरे कंडरेवरून आडवे-तिरपे नेऊन बाहेरच्या अँकरमध्ये अडकवले, तर ती सपाट दाबली जाते आणि टेकण्याचं क्षेत्र वाढतं. लहान फाटीत या दोन पद्धतींत फारसा फरक पडत नाही. तीन सेंटिमीटरच्या पुढच्या फाटीत दोन ओळी सरस ठरतात. मात्र त्यातून एक नवं अपयश जन्माला आलं: हाडाशी कंडरा चिकटलेली राहते आणि आतल्या ओळीच्या मागे, स्नायूजवळ तुटते. असा खांदा पुन्हा शिवणं फार अवघड, कारण ओढायला कंडराच उरत नाही. कारणं दोन. टाका स्नायूच्या फार जवळ घातलेला असतो किंवा गाठ फार आवळलेली असते. वाऱ्यापासून वाचवायला केळीच्या खोडाला बांधलेली दोरी आवळली की खोड काचतं, तसंच हे. गाठ काचली की तिथला रक्तपुरवठा तुटतो. यावर रुंद फितीसारखे दोरे आणि आतल्या ओळीत गाठच न मारणं हे उपाय आहेत.

रक्त पोचवण्याची एक साधी युक्ती आहे. हाडाच्या उंचवट्यात, अँकरपासून अंतर राखून, बारीक भोकं पाडतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सांध्यात सोडलेल्या पाण्याचा दाब बंद केला की मज्जेतलं रक्त आणि चरबीचे थेंब वर येतात आणि शिवणीवर गुठळीचा थर बसतो. काही सर्जन याला ‘किरमिजी दुलई’ म्हणतात. चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, पण खर्च जवळपास शून्य असल्याने करायला हरकत दिसत नाही. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीचे (प्लेटलेट जास्त असलेल्या द्रवाचे) निष्कर्षही संमिश्र आहेत आणि ती महाग आहे. तिच्यासाठी कर्ज काढू नये. मोठ्या, पातळ झालेल्या कंडरेवर दात्याच्या त्वचेचा थर शिवल्याने पुन्हा फाटणं कमी होतं. पण खर्च बराच वाढतो.

काही गोष्टी सर्जनच्या हातात नसतात. स्नायूत किती चरबी शिरली याची ० ते ४ अशी गुताइए श्रेणी १९९४ मध्ये मांडली गेली. तिसऱ्या श्रेणीत स्नायूइतकीच चरबी असते, चौथीत स्नायूपेक्षा जास्त. तिथे कंडरा जुळली तरी गेलेला स्नायू परत येत नाही. म्हणून पडून हात अचानक उचलेनासा झाला तर मालिश करून महिने घालवू नयेत. बिडी आणि तंबाखू शस्त्रक्रियेआधीच सोडावी, निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. साखरही आटोक्यात आणावी.

घरी आल्यावर चार ते सहा आठवडे उशी असलेली झोळी. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. जळगावच्या मे महिन्यात काखेत घामाने त्वचा सडते, म्हणून कमरेत वाकून हात सैल लोंबू द्यायचा, काख धुवायची आणि कोरडी करायची. हात स्वतःच्या जोराने उचलणं साधारण सहा आठवड्यांनी, रबरी पट्ट्यांचा व्यायाम बारा आठवड्यांनी, जड ओझं सहा महिन्यांनी.

दुखणं जोडाच्या आधी बरं होतं, हीच फसगत. आठव्या आठवड्यात खांदा गप्प असतो, बागेत कापणी उभी असते आणि माणूस घड उचलतो. शस्त्रक्रिया ठरवता येण्याजोगी असेल तर कापणीच्या तारखेपासून सहा महिने मागे मोजून दिवस धरावा. नंतर कधी कट् आवाज होऊन हात एकाएकी दुबळा झाला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावं.