साठ अंशांचा आकडा आला कुठून?

ग्वाल्हेरात, लष्करच्या जनकगंजात माझी मावशी एकटी राहते. मुलं पुण्याला आणि बंगळुरूला. गेल्या दिवाळीत मुलांनी तिच्या गच्चीवर हीट पंपाचा २०० लिटरचा हीटर बसवून दिला. बसवणारा माणूस पॅनेलवर ६० चा आकडा लावून, ‘ऑटो’ मोड चालू करून निघून गेला. मावशीची अंघोळ एका बादलीत होते, वर भांड्यांना दोन तांबे. बादलीत विसण घालता घालता तिनं मला विचारलं, “एवढं कढत पाणी कुणासाठी रे तापवतात? मग त्यात गारच ओतायचं ना?”

तिच्या माहेरी बंब होता. तांब्याचं पिंप, मधोमध नळकांडं, खाली निखाऱ्यांची जाळी, बाजूला तोटी. इकडे हिंदीत त्यालाच हमाम म्हणतात. बंबाला आकडा नव्हता, पण हिशेब पक्का होता: आज किती जण न्हायचे, त्यावर ढलप्या किती टाकायच्या ते ठरायचं. नरकचतुर्दशीला जास्त, एरवी बेताच्या. पाणी तापवून दिवसभर तसंच ठेवायचं ही कल्पनाच त्या न्हाणीघरात कुणाला सुचली नसती.

ती कल्पना दुसरीकडून आली. लंडनमध्ये १८६८ साली बेंजामिन मॉन यानं गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलँडमधल्या उसळत्या झऱ्यावरून त्याला ‘गीझर’ नाव दिलं. त्याला धुरांडं नव्हतं, त्यामुळे ते जिवाला धोक्याचंच होतं. टाकीत पाणी साठवून, उष्णता उतरली की आपोआप पुन्हा तापवणारा हीटर अमेरिकेत एडविन रूड यानं १८८९ साली बनवला. चोवीस तास गरम पाणी तिथून सुरू झालं. आपण गीझर घेतला, त्याचं नावही घेतलं, पण ती सवय काही घेतली नाही. अंघोळीआधी पंधरा मिनिटं बटण चालू, नंतर कुणीतरी ओरडणार, “गीझर बंद केला का?” हा बंबाचाच संस्कार.

हीट पंपाशी हे जमत नाही. तो पाणी स्वतः तापवत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात नेऊन टाकतो. फ्रिज उलटा बसवलाय असं समजा. एक युनिट विजेत तीन युनिटांची उष्णता मिळते ती याच युक्तीमुळे, पण काम संथ. २०० लिटर गार पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साडेदहा युनिट उष्णता लागते आणि घरगुती यंत्राला त्यासाठी पाच-सहा तास सहज जातात. म्हणून टाकी मोठी, म्हणून पाणी आधीच तापवून ठेवायचं, आणि म्हणूनच ते किती तापवायचं, कधी तापवायचं हे प्रश्न पुन्हा उभे राहतात.

युक्ती तशी जुनी. १८२४ मध्ये फ्रान्सच्या सादी कार्नोनं उष्णतेच्या यंत्रांचा पाया घातला. १८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी असं यंत्र उलट चालवून इमारत उबदार ठेवता येईल हे मांडलं. पुढच्या चार-पाच वर्षांत ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यानं एबेनझेच्या मिठागरात खारं पाणी आटवायला तसं यंत्र उभंही केलं, जळण वाचावं म्हणून. झुरिकचं नगरभवन १९३८ पासून लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेऊ लागलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत पाणी तापवण्यासाठी या यंत्राकडे लक्ष गेलं. पण घराघरांत ते पोहोचलं जपानमध्ये: २००१ साली ‘इको क्यूट’ हा कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा हीटर बाजारात आला. जपानीत ‘क्यूतो’ म्हणजे गरम पाण्याचा पुरवठा, आणि त्यात इंग्रजी ‘क्यूट’ ची कोटी. तिथे रात्री वीज स्वस्त असे, म्हणून तो रात्री टाकी भरून ठेवायचा.

आता मावशीचा ६०. हा आकडा दोन भीतींच्या रस्सीखेचीतून आला आहे. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं. घरी परतल्यावर अनेकांना न्यूमोनिया झाला, २९ माजी सैनिक दगावले. सहा महिन्यांनी जीवाणू सापडला, त्याचं नाव पडलं लीजिओनेला. त्या हॉटेलात संशय वातानुकूलनाच्या यंत्रणेवर होता. गरम पाण्याच्या टाक्यांवर बोट नंतर ठेवलं गेलं, विशेषतः इस्पितळांतल्या. हा जीवाणू साधारण २० ते ४५ अंशांत फोफावतो आणि ६० ला मरतो. झालं, टाकीत ६० हवेत.

दुसरी भीती भाजण्याची. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी पोळतं; ४९ ला काही मिनिटं मिळतात, तेवढ्यात हात काढता येतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं १९८३ मध्ये नवे हीटर ४९ वर लावूनच विकायचा कायदा केला. ४९ आणि ६० यांच्यातलं हे भांडण अजून मिटलेलं नाही, आणि ते झालं सगळं शॉवर, बाथटब नि चार माणसांच्या घरांवरून. बादली, तांब्या आणि एकटी बाई त्यात कुठेच नव्हती.

टाकीचं मापही तसंच. अमेरिकेत २०१५ च्या नियमानं ५५ गॅलनच्या, म्हणजे सुमारे २०८ लिटरच्या वरच्या विजेच्या हीटरांना जवळपास हीट पंपच व्हावं लागलं. म्हणजे यंत्राची कल्पनाच मुळी मोठ्या टाकीभोवती फिरत राहिली.

मावशीचा हिशेब मांडून पाहू. हिवाळ्यात नळाचं पाणी १५ अंश धरलं आणि अंघोळीला ४२ हवं असलं, तर २० लिटरच्या बादलीला सुमारे ०.६३ युनिट उष्णता लागते. आणि गच्चीवरची २०० लिटरची टाकी ६० वर ठेवली, तर आवरण चांगलं असूनही दिवसाला दीड-दोन युनिट उष्णता नुसती हवेत जाते. म्हणजे अंघोळीपेक्षा टाकी राखण्याचाच खर्च दुप्पट-तिप्पट. पहाटेच्या थंडीत पंप चालला, तर हे सगळं भरून काढायला एक युनिटभर वीज जाते. तिचा जुना १५ लिटरचा गीझर पंधरा-वीस मिनिटं चालून पाऊण युनिटात भागवत होता! ‘ऑटो’ मोडमध्ये घाई म्हणून टाकीतली विजेची कॉइल मदतीला धावली, तर आणखी वर. एकट्या माणसाला हीट पंप विकताना हे कुणी सांगत नाही, सांगायला हवं. यंत्र खोटं नाही, पण सेटिंग चुकलं तर त्याचा फायदा शून्यावर येतो. अजून घेतलंच नसेल, तर एकट्यानं शंभर लिटरच्या आसपासची टाकी बघावी, किंवा गीझरच ठेवावा.

पण घेतलं आहे, तर? ग्वाल्हेरची हवा इथे कामी येते. जानेवारीत पहाटे पारा पाच-सात अंशांवर, दाट धुकं; दुपारी मात्र बावीस-तेवीस. कार्नोच्या सूत्रानं बघितलं, तर ७ अंशांच्या हवेतून ६० पर्यंत चढायला आदर्श यंत्र एका युनिटाला सव्वासहा युनिट उष्णता देईल. २२ च्या हवेतून ५० पर्यंत साडेअकरा. खरं यंत्र यातलं तिसरा हिस्सा ते निम्मं गाठतं, पण दोन्हींतला फरक दीडपटीच्या आसपास तरी उरतोच. शिवाय पहाटेच्या दमट गारठ्यात बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवण्यात यंत्राचा वेळ जातो. जपाननं रात्रीची वेळ निवडली ती विजेच्या दरासाठी. इथे बरोबर उलट. २०२३ मध्ये केंद्रानं वीजग्राहकांच्या नियमांत दुरुस्ती केली, तिच्यानुसार सौरऊर्जेच्या तासांत दर किमान २० टक्के कमी असावा आणि शेती सोडून बाकी ग्राहकांना, स्मार्ट मीटर असल्यास, १ एप्रिल २०२५ पासून तो लागू व्हावा.

म्हणून मावशीच्या पॅनेलवर मी ६० चे ५० केले, टाइमर दुपारी १२ ते ४ लावला, टाकीतली विजेची कॉइल बंद केली. दुपारी तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला थोडं उतरलेलं असतं, पण अंघोळीला पुरून उरतं. विसण आता थोडंच लागतं. रोजची वीज अर्ध्या युनिटाच्या आसपास यायला हवी.

एका बाबतीत मात्र ६० ला सुट्टी नाही. चार माणसांच्या घरात टाकी रोज रिकामी होते; मावशीची दहा-बारा दिवस तेच पाणी धरून बसते, आणि साठून राहिलेलं कोमट पाणी जीवाणूला आवडतं. तांब्यानं अंगावर घेतलेल्या पाण्याचा, श्वासातून जीवाणू आत नेणारा तुषार शॉवरइतका उडत नाही, तरी तिचं वय सत्तरीपुढे. म्हणून दर रविवारी दुपारी एकदा ६० पर्यंत, तासभर. पॅनेलमध्ये त्याची वेगळी सोय आहे, बहुतेक यंत्रांत असते; बसवणाऱ्यानं ती दाखवलीच नव्हती. मी कागदावर ‘रविवार - ६० - पोळणार’ असं लिहून न्हाणीच्या दाराला चिकटवलं.

एप्रिलच्या मध्यापासून गच्चीवरच्या टाकीतलं गार पाणीच इतकं तापतं की विसण कुठून आणायचं हा प्रश्न पडतो. तेव्हा यंत्र पूर्ण बंद. ऑक्टोबरअखेर पुन्हा चालू करताना आधी टाकी ६० वर नेऊन, तोटीतून दोन-तीन बादल्या वाहू द्यायच्या, आणि मगच पहिली अंघोळ. मावशी म्हणाली, त्या दोन बादल्यांत सतरंज्या धुऊन काढीन.