हौशी खगोल मंडळाचे वर्ष

हौशी खगोल मंडळाचे वर्ष : खगोलशास्त्र हे पोटापाण्याचे साधन नसूनही नेमाने आकाश पाहणाऱ्या मंडळींच्या स्थानिक संस्थेचा बारा महिन्यांचा क्रम. अशा संस्थांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोर आला. कामीय फ्लामारीआँ यांनी फ्रान्समधली संस्था १८८७ साली काढली, ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन १८९० ची, आणि रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकी संघटना १९११ ची. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे.

मंडळाचे कागदोपत्री वर्ष हिशेबाच्या महिन्यांवर चालते, प्रत्यक्षातले चंद्रावर. अंधूक तेजोमेघ आणि दीर्घिका यांना काळोख लागतो, म्हणून वस्तीपासून दूरचे रात्रभराचे आकाशदर्शन अमावस्येलगतच्या शनिवारी ठेवतात. मुलांना चंद्र दाखवायचा तर शुद्ध अष्टमीच्या आसपास, कारण तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत नुसताच झगझगतो, सपाट दिसतो. नवखे आयोजक हटकून तोच दिवस धरतात.

उल्कावर्षावांशी चंद्राचे जमत नाही. ययाती तारकासमूहातला वर्षाव १२-१३ ऑगस्टच्या आणि मिथुन राशीतला १३-१४ डिसेंबरच्या सुमारास भरात असतो. या तारखा जवळपास पक्क्या. चंद्रकला मात्र त्याच तारखेला दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी पुढे सरकलेली असते. एका साली मिट्ट काळोख मिळाला की पुढच्या साली रात्रीचा मोठा भाग चांदण्यात जातो. आठ वर्षांनी साधारण तीच कला त्याच तारखेला परतते, त्यामुळे जुने सभासद पंचांग न उघडता बरे-वाईट साल सांगतात. वर्षावाच्या बातमीत तासाला शंभराहून अधिक उल्का असे छापून येते, तो आकडा उगमबिंदू (उल्का जिथून येताना भासतात ती जागा) थेट डोक्यावर आणि आकाश अगदी निर्मळ असेल तेव्हाचा. एरवी मोजणी त्याच्या कितीतरी खाली राहते, आणि पहिल्यांदा आलेले पाहुणे मध्यरात्रीच कंटाळतात. खरी मोजणी करणारे आडवे पडून आपापली नोंद ठेवतात. शेजारी ओरडला म्हणून पाहिलेली उल्का धरत नाहीत. दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रतही (तेजस्वितेचा आकडा) दर थोड्या वेळाने टिपायची असते, नाहीतर आकड्यांची इतरांशी तुलना होत नाही. उजेड लागलाच तर लाल कागद लावलेल्या बॅटरीचा, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो.

मार्चअखेरची अमावस्या मेस्ये मॅरेथॉनची. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शार्ल मेस्येच्या यादीतले तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका असे ११० पदार्थ (एम १ ते एम ११०) एका रात्रीत पाहून काढायचे: संध्याकाळी मावळतीला टेकलेल्या एम ७७ आणि एम ७४ पासून पहाटे उगवणाऱ्या एम ३० पर्यंत. त्या दिवसांत सूर्य आकाशाच्या अशा भागात असतो जिथे यादीतले फारसे काही नाही, म्हणून हे साधते. एम ३० बहुतेकांचा हुकतो. वैज्ञानिक फलित शून्य, पण आकाश पाठ होते.

ढगाळ महिने दुर्बिणीचे आरसे घडवण्याच्या कार्यशाळेचे. काचेच्या दोन चकत्यांमध्ये कार्बोरंडम या कठीण घासद्रव्याची पूड आणि पाणी घालून वरची खालचीवर घासत गेले की वरची अंतर्वक्र आणि खालची बहिर्वक्र होते. मग बारीक पुडी, शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइडने झिलई. आरशाचा आकार तपासणाऱ्या फूकोच्या चाचणीत आरशाचा दोष पात्याच्या धारेमागे सावली होऊन दिसतो. आरसा एकट्यानेही घासता येतो. शेजारी अनुभवी हात असला तर तो अर्धवट सुटत नाही.

मंडळाचा खरा कस रूपविकारी ताऱ्यांवर लागतो. तिमिंगल समूहातला मीरा सुमारे ३३२ दिवसांत उजळतो आणि मंदावतो. त्याची प्रत शेजारच्या दोन ठरावीक ताऱ्यांशी ताडून डोळ्यांनी ठरवायची, आणि हे वर्षानुवर्षे. उत्साहाने सुरू झालेल्या वह्या परीक्षांच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत खंडतात. शोध लागतोच असे नाही, पण लागतो तेव्हा असा: टॉमस बॉप यांनी २३ जुलै १९९५ च्या रात्री ॲरिझोनात मित्राच्या दुर्बिणीतून एक अनोळखी ठिपका पाहिला. त्याच रात्री ॲलन हेल यांनीही तो पाहिला आणि धूमकेतूला दोघांचे नाव मिळाले.

वार्षिक सभेत वर्गणी, हिशेब, निवडणूक हे झटपट उरकते, पदाधिकारी बहुधा तेच राहतात. वेळ जातो तो दुर्बीण कोणाच्या घरी ठेवायची यावर.